लॅपटॉपचा डेस्कटॉपसारखा वापर

लॅपटॉपला वेगळा मॉनिटर, कीबोर्ड आणि माऊस जोडून टेबलावरच्या संगणकासारखे काम करण्याची पद्धत. लॅपटॉप उघडा ठेवून त्याचा पडदा जोडीला घेता येतो, किंवा झाकण मिटून तो कडेला ठेवता येतो. बाहेर जायचे झाले की केबल काढून तोच संगणक पिशवीत टाकायचा.

लॅपटॉपचा पडदा आणि कीबोर्ड बिजागरीने एकमेकांना बांधलेले असतात. पडदा डोळ्यांसमोर आणावा तर हात खांद्यापर्यंत वर जातात. हात नीट टेकवावेत तर मान खाली झुकते. दिवसाचे सात-आठ तास असे गेले की मान आणि खांदे बोलू लागतात. म्हणून पैसे बेताचेच असतील तर मॉनिटरच्या आधी कीबोर्ड आणि माऊस घ्यावा. चार जाडजूड पुस्तकांवर लॅपटॉप चढवला, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला आणली, की निम्मे काम झाले. हिशेबनीसांना वेगळ्या कीबोर्डचा आणखी एक फायदा होतो: बऱ्याच १४ इंची लॅपटॉपना उजवीकडचे आकड्यांचे पॅड नसते. लासलगावच्या कांदा आडतीचे हिशेब असोत की नाशिकच्या सीए कार्यालयातल्या जीएसटीच्या नोंदी, त्या पॅडशिवाय बोटे अडखळतात. मराठी टंकलेखनासाठी देवनागरी अक्षरे छापलेले कीबोर्डही मिळतात. १९८६ साली प्रमाणित झालेल्या इनस्क्रिप्ट मांडणीत स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला येतात.

ही कल्पना जुनी आहे. अ‍ॅपलने १९९२ मध्ये पॉवरबुक ड्युओ या लॅपटॉपसोबत ड्युओ डॉक आणला. डॉक म्हणजे लॅपटॉपला मॉनिटर, कीबोर्ड वगैरे एकदम जोडून देणारे उपकरण. व्हिडिओ कॅसेट आत सरकवावी तसा लॅपटॉप त्यात जाई आणि मॉनिटर वर बसे. पुढे प्रत्येक कंपनीने आपापले डॉक काढले; एकाचे दुसऱ्याला चालत नसत. २०१४ मध्ये यूएसबी-सी हे उलटसुलट कसेही लागणारे छोटे छिद्र आले आणि त्याच वर्षी त्यातून डिस्प्लेपोर्टचे (मॉनिटरला चित्र पाठवण्याच्या एका पद्धतीचे) चित्र नेण्याची सोय जाहीर झाली, तेव्हापासून चित्र, डेटा आणि चार्जिंग एकाच केबलने होऊ लागले. मात्र प्रत्येक यूएसबी-सी छिद्रातून चित्र निघत नाही, आणि मोबाइलच्या चार्जरसोबत येणारी केबल बहुधा चित्र नेत नाही. ‘मॉनिटर लागत नाही’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा इथेच असते. फोर-के (खूप बारीक चित्राचा) मॉनिटर एचडीएमआय या मॉनिटर-टीव्हीच्या जोडणीच्या जुन्या १.४ आवृत्तीवर सेकंदाला ३० चित्रेच दाखवतो आणि माऊसचा बाण ओढल्यासारखा हलतो. ६० साठी एचडीएमआय २.० लागते.

मार्च २०२० नंतर पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत काम करणारे अनेक जण नाशिकच्या घरी परतले आणि जेवणाच्या टेबलाचे ऑफिस झाले. घरात व्हीजीए या जुन्या जोडणीचा मॉनिटर पडून असेल तर तो टाकू नये. एचडीएमआयचे व्हीजीए करणारा छोटा कन्व्हर्टर लावला की तो चालतो. नाशकात वीज गेली तर लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर तग धरतो, पण मॉनिटर विझतो. झाकण मिटलेले असेल तर काही लॅपटॉप त्याच क्षणी झोपी जातात. म्हणून विंडोजमध्ये झाकण मिटल्यावर ‘काहीही करू नका’ हा पर्याय निवडावा. मॉनिटर आणि राउटर इन्व्हर्टरवर घ्यावेत. जुन्या वाड्यांतल्या वायरिंगला अर्थिंग नसले की धातूच्या लॅपटॉपला हात लावताना झिणझिण्या येतात. त्याकडे दुर्लक्ष न करता वायरमन बोलवावा.

झाकण मिटून वापरताना उष्णतेकडे लक्ष हवे. काही लॅपटॉप कीबोर्डच्या फटींतूनही हवा घेतात. एप्रिल-मे महिन्यांत नाशिकचा पारा ४० अंशांजवळ जातो, तेव्हा लॅपटॉप किंचित उघडा किंवा स्टँडवर उभा ठेवणे बरे. लिथियम-आयन बॅटरी सतत १०० टक्के भरलेली आणि गरम राहिली तर लवकर म्हातारी होते. अनेक लॅपटॉपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते, ती सुरू करावी. मिटलेल्या झाकणाबरोबर कॅमेराही झाकला जातो, त्यामुळे ऑनलाइन बैठकांना वेगळा वेबकॅम लागतो.

पडदा फुटलेला लॅपटॉप भंगारात काढण्याआधी त्याला मॉनिटर जोडून पाहावा. मदरबोर्ड (आतला मुख्य सर्किट बोर्ड) शाबूत असेल तर असा लॅपटॉप मुलांच्या अभ्यासाला आणखी काही वर्षे पुरतो.