उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र

विमान मान्य आराखड्याप्रमाणे बनलेले असून उड्डाणास सुरक्षित स्थितीत आहे, असा शासनाच्या विमानवाहतूक यंत्रणेने दिलेला लेखी दाखला. प्ररूप प्रमाणपत्र (टाइप सर्टिफिकेट) याहून वेगळे. ते आराखड्याला मिळते, उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र एकेका विमानाला.

या पद्धतीचा उगम दोन ठिकाणी दाखवता येतो. अमेरिकेत १९२६ च्या हवाई वाणिज्य कायद्याने तपासणी व दाखला सक्तीचा झाला आणि १९२७ मध्ये ‘बूल एअरस्टर’ या द्विपंखी विमानाला तिथले पहिले प्ररूप प्रमाणपत्र मिळाले. मात्र १३ ऑक्टोबर १९१९ च्या पॅरिस करारातील अकराव्या कलमाने आंतरराष्ट्रीय उड्डाण करणाऱ्या विमानाकडे असे प्रमाणपत्र असावे, असे आधीच ठरवले होते. करारास जोडलेल्या ‘ब’ परिशिष्टात एका प्ररूपाची उड्डाणचाचणी झाली की त्याबरहुकूम बनलेल्या पुढील विमानांना ती चाचणी नको, अशीही तरतूद आहे. म्हणजे प्ररूपाची कल्पनाही तिथेच आढळते. अमेरिकेने या करारावर सही केली, पण तो संमत केला नाही. त्यामुळे तिकडची परंपरा स्वतंत्र वाढली. उगमाचा मान पॅरिसला देणे अधिक सयुक्तिक वाटते. १९४४ च्या शिकागो करारातील ३१ व्या कलमात हीच अट पुढे आली. ३३ व्या कलमाने किमान निकष पाळून दिलेली प्रमाणपत्रे सदस्य देशांनी परस्परांत मान्य करायची आहेत. हे निकष आठव्या परिशिष्टात आहेत.

भारतात १९३४ चा विमान अधिनियम व १९३७ चे विमान नियम हा याचा आधार. अधिनियमाची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ याने घेतली. प्रमाणपत्र नागरी विमानवाहतूक महासंचालनालय (डीजीसीए) देते.

विमानाला बसवायच्या सुट्या भागासोबतही मुक्तता प्रमाणपत्र (भाग वापरण्यास योग्य असल्याचा दाखला) लागते : भारतात सीए फॉर्म १, युरोपात ईएएसए (युरोपीय विमानसुरक्षा यंत्रणा) फॉर्म १, अमेरिकेत फॉर्म ८१३०-३. त्यावर भागाचा क्रमांक, अनुक्रमांक, केलेले काम आणि अधिकृत सही असते. ठरावीक आयुष्याच्या भागांचा, उदा. इंजिनातील चकत्यांचा, वापर निर्मितीपासून नोंदलेला असावा लागतो. हा कागद नसेल तर धडधाकट भागही विमानाला बसवता येत नाही, आणि ते योग्यच आहे. ८ सप्टेंबर १९८९ रोजी ओस्लोहून हॅम्बुर्गला निघालेले पार्टनेअर या नॉर्वेच्या कंपनीचे कॉनव्हेअर विमान डेन्मार्कजवळ समुद्रात कोसळून ५५ जण दगावले. शेपटीच्या उभ्या पंखाच्या जोडणीत कमी ताकदीचे, बनावट भाग सापडले. २०२३ मध्ये सीएफएम-५६ या प्रवासी विमानांच्या जेट इंजिनांच्या भागांसोबत खोटे दाखले दिल्याचे लंडनमधील एका पुरवठादाराचे प्रकरण उघडकीस आले.

मुंबईचे वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर बांधलेल्या सहा आसनी विमानाची २०१७ मध्ये व्हीटी-एनएमडी अशी नोंदणी झाली. २०१९ मध्ये मिळाला तो उड्डाणपरवाना (परमिट टू फ्लाय). तो चाचणीपुरता होता, त्याला उड्डाणयोग्यता प्रमाणपत्राचे स्थान नाही.