पंचगंगेचा पूर आधी गगनबावड्याच्या मातीत ठरतो

जुलै लागला की कोल्हापुरात प्रत्येकाच्या मोबाईलवर एकच आकडा फिरतो, गावाजवळनं वाहणाऱ्या पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, आणि पन्नाशी ओलांडली की नदीच्या खालच्या अंगाच्या शिरोळ तालुक्यात जनावरं बाहेर काढायची धावपळ. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला ५६ च्या. या आकड्याबरोबर दोन मेसेज नेमानं येतात, एक म्हणजे सगळं कर्नाटकातल्या कृष्णेवरच्या आलमट्टी धरणामुळं होतंय आणि दुसरा म्हणजे घाटात झाडं लावा, पूर थांबेल. आलमट्टीवर भरपूर लिहून झालंय, २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं त्या पुराचा दोष आलमट्टीवर टाकला नाही, तरी धरणाची उंची ५१९ मीटरवरून ५२४ करायला इकडं विरोध आहेच. मला बोलायचंय ते दुसऱ्या मेसेजबद्दल, कारण त्यात विज्ञान अर्धंच सांगितलं जातं आणि उरलेलं अर्धं जास्त भारी आहे.

पंचगंगेचं पाणी पडतं कुठं आणि पोचतं कुठं ते आधी बघा. कासारी शाहूवाडीतनं येते, कुंभी गगनबावड्यातनं, तुळशी आणि भोगावती राधानगरीकडनं. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिमीच्या आसपास पाऊस पडतो आणि शिरोळला पाच-सहाशे, म्हणजे पूर ज्यांच्या दारात येतो त्यांच्या रानात तो पाऊस पडलेलाच नसतो. तो घाटमाथ्यावर पडलाय, आणि तिथं मातीत शिरला की वरनंच वाहून आला यावर खाली पाणी किती तासांत आणि किती उंच येणार हे बरंचसं ठरतं.

आता माती. मातीच्या कणांमध्ये पोकळ्या असतात, त्यातल्या बारीक पोकळ्या पाणी धरून ठेवतात आणि मोठ्या पोकळ्या पाणी खाली सोडतात. मोठ्या पोकळ्या कोण करतं तर मुळं, गांडुळं, वाळवी, कुजून गेलेल्या मुळांच्या जागी राहिलेल्या नळ्या. नळीतनं सावकाश वाहणारं पाणी नळीच्या व्यासाच्या चौथ्या घातात वाढतं, पॉइझय नावाच्या फ्रेंच माणसानं हे एकोणिसाव्या शतकात प्रयोग करून दाखवलं. म्हणजे ०.१ मिमीच्या नळीपेक्षा १ मिमीची नळी दहापट रुंद, पण पाणी दहा हजार पट. तुम्ही म्हणाल की त्या एका मोठ्या भोकाच्या जागेत बारकी शंभर भोकं बसतात की, बरोबर आहे, तरी त्या शंभरांतनं मिळून जेवढं पाणी जाईल त्याच्या शंभरपट त्या एकट्यातनं जातं. पाऊस तोच, जमीन तेवढीच, भोकांची एकूण जागा पण तेवढीच, आणि फरक शंभरपटीचा! म्हणून गांडुळं मेली, जेसीबी फिरला, उघड्या मातीवर थेंब आपटून वरचा थर लिंपल्यासारखा बंद झाला, तर जमीन दिसायला तीच असते पण पाणी प्यायचं थांबते.

हे घरी करून बघता येतं. दोन्ही बाजूंनी उघडा केलेला पत्र्याचा डबा चार बोटं जमिनीत ठोका आणि त्यात एक तांब्या पाणी ओता. देवराईतल्या पाल्याखाली ते बघता बघता गायब होतं. ट्रॅक्टरच्या चाकोरीत तेच पाणी तुमचा चहा पिऊन झाला तरी डब्यात तसंच असतं, आणि कडेनं उकरून बघितलं तर डब्याच्या खालची माती बोटभर पण ओली झालेली नसते.

आता आकडेमोड. दिवसात २०० मिमी पाऊस झाला तर तासाला साधारण ८ मिमी पडला. जंगलातली माती हे सहज पिते, दाबलेली किंवा चिकण माती मात्र तासाला १ ते ५ मिमीच्या पुढं जात नाही, उरलेलं सगळं ओढ्याला. इथपर्यंत झाडवाल्या मेसेजचं बरोबर आहे. पण वेग आणि जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मीटरभर खोल मातीत मोकळ्या पोकळ्या दहा-पंधरा टक्के धरल्या तर १०० ते १५० मिमी पाणी मावतं, म्हणजे एका दिवसाचा पाऊस पण पुरता मावत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तसाच पडला तर उत्तम जंगलातनं सुद्धा पाणी वरनंच वाहणार. २०१९ आणि २०२१ ला तेच झालं, माती आधीच गच्च भरलेली. लहान आणि मधल्या पुराला जंगल चांगलं रोखतं, महापुराला थोडंच. महापुराला नदीची स्वतःची जागा मोकळी लागते, म्हणजे पूररेषेतली बांधकामं आणि शिरोलीजवळचा हायवेचा भराव यांच्याशी गाठ आहे. दहा हजार रोपांचा फोटो टाकून पूर थांबवला म्हणणाऱ्यांनी हे लोकांना सांगायला हवं.

शिवाय सगळीकडं झाडं लावायची पण नसतात. मसाई पठारासारखे जांभ्याचे सडे, म्हणजे तांबड्या दगडाचे सपाट माळ, उजाड वाटतात, पण पावसाळ्यात त्यावर उगवणारी कित्येक बारकी फुलझाडं दुसरीकडं सापडत नाहीत आणि खालचा सच्छिद्र जांभा पाणी साठवतो. जांभ्याखाली चिकण थर लागला की पाणी आडवं सरकतं आणि पठाराच्या पायथ्याला झरा म्हणून बाहेर पडतं. पाणाड्याच्या तळहातावर नारळ उभा राहतो तो त्याच्याच हाताच्या नकळत हालचालीनं, पाण्यामुळं नव्हे, झरा कुठं लागेल ते दगडांचे थर सांगतात. असल्या सड्यावर चर खणणं किंवा बॉक्साइटसाठी तो खरवडून काढणं म्हणजे खालच्या वाडीचं उन्हाळ्यातलं पाणी संपवणं. राधानगरी अभयारण्य २०१२ पासून जागतिक वारशात आहे, पण झऱ्याला अभयारण्याची हद्द कळत नाही.

खरी अडचण इथंच आहे. पाणलोटाचं काम गावाच्या शिवेवर थांबतं, नदी थांबत नाही. गगनबावड्यातल्या शेतकऱ्यानं उतारावरची जमीन मोडली नाही, झऱ्याभोवतीचं रान राखलं, तर खर्च त्याचा आणि फायदा कोल्हापूर, इचलकरंजी, शिरोळचा. मग तो का करेल? न्यूयॉर्क शहरानं १९९७ मध्ये वरच्या डोंगरातल्या गावांशी करार करून तिथल्या शेतकऱ्यांना पैसे दिले, त्यांना पिण्याचं पाणी स्वच्छ हवं होतं आणि अब्जावधी डॉलरचा फिल्टर प्लांट टाळायचा होता. आपल्याकडं पंचगंगेच्या खालच्या तालुक्यांनी, महापालिकेनं आणि साखर कारखान्यांनी मिळून वरच्या गावांसाठी असा फंड केला तर त्यात दान वगैरे काही नाही, स्वतःच्याच दारातलं पाणी कमी करायचे ते पैसे.

आणि नरसोबाच्या वाडीला पंचगंगा कृष्णेत शिरते, तिथनं पुढं राजापूर बंधारा ओलांडला की कर्नाटक. दोन्ही राज्यांत धरणातनं किती पाणी कधी सोडायचं याचं बोलणं २०२१ च्या जूनमध्ये मंत्र्यांच्या पातळीवर झालं, ते चांगलंच झालं, पण ते पाणी नदीत आल्यानंतरचं बोलणं आहे. पडणाऱ्या पावसाचं आणि मातीच्या ओलीचं मोजमाप दोघांनी एकाच जागी आणि सगळ्यांना दिसेल असं ठेवलं, तर माती भरत आलीय हे पूर यायच्या आधी कळेल आणि धरणात वेळेत जागा करता येईल.

खालच्या रानात पण काम आहे. ऊस तुटला की पाचट पेटवायची सवय अजून गेली नाही. खोडव्यात तेच पाचट सरीत दाबून ठेवलं की थेंबाचा मार मातीला लागत नाही आणि गांडुळं परत येतात. वळीव पडायच्या आत पाचट ठेवलेल्या आणि पेटवलेल्या अशा दोन शेजारच्या रानांत डबा ठोकून बघा, आणि मग फडाला काडी लावायची का ते ठरवा.