मोटारींच्या गॅस टर्बाइनमधील सिरॅमिक भाग

मोटारीसाठी बनवलेल्या लहान गॅस टर्बाइन इंजिनातले (तापलेल्या वायूच्या झोताने चाक फिरवणाऱ्या इंजिनातले) तप्त भाग (ज्वलनकक्ष, स्थिर पाती, रोटर म्हणजे पात्यांचे फिरते चाक, आणि बाहेर पडणाऱ्या वायूची उष्णता आत येणाऱ्या हवेला देणारा उष्णताविनिमयक) धातूऐवजी सिरॅमिकचे करण्याचे तंत्र. रोव्हर कंपनीने १९५० मध्ये टर्बाइनवर चालणारी मोटार दाखवली. क्रायस्लरने १९६३ पासून अशा ५० गाड्या सामान्य लोकांना वापरायला दिल्या. गाड्या चालल्या, पण इंधन फार खात. कार्यक्षमता वाढवायची तर टर्बाइनमध्ये शिरणारा वायू आणखी तापवावा लागतो, आणि निकेलच्या मिश्रधातू साधारण १,१०० अंश सेल्सियसच्या पुढे टिकत नाहीत. विमानात पोकळ पात्यांतून हवा खेळवून त्या थंड ठेवतात. मोटारीच्या इवल्याशा पात्यांत ती सोय करणे फार अवघड.

म्हणून सिलिकॉन नायट्राइड आणि सिलिकॉन कार्बाइड ही सिरॅमिके पुढे आली. उष्णता ती सोसतात. घात करतो तो ठिसूळपणा. धातू ताणाखाली किंचित वाकून भार वाटून घेतो, सिरॅमिक थेट तडकते. भुकटी दाबून भाजताना आत राहिलेले केसाएवढे छिद्र किंवा परका कणही तडकायला पुरतो. त्यामुळे एकाच खेपेत भाजलेले दोन रोटर सारखे दिसूनही वेगवेगळ्या भाराला फुटतात. ‘बळ किती’ याचे एक उत्तर नसते. वायबुल वितरण या संख्याशास्त्रीय सूत्राने कोणत्या भाराला फुटण्याची किती शक्यता ते काढावे लागते आणि प्रत्येक रोटर आधी वेगाने फिरवून पारखावा लागतो.

अमेरिकेत १९७१ मध्ये फोर्ड आणि वेस्टिंगहाउस यांनी संरक्षण खात्याच्या पैशावर हे काम हाती घेतले. पुढे ऊर्जा खात्याच्या कार्यक्रमातील एजीटी-१०१ इंजिनाचे लक्ष्य १,३७१ अंश तापमान आणि मिनिटाला १ लाख फेरे असे होते. जपान आणि युरोपातही असे प्रकल्प झाले.

अडचणी भलत्याच ठिकाणाहूनही आल्या. फोर्डच्या फिरत्या उष्णताविनिमयकात लिथियम ॲल्युमिनियम सिलिकेट वापरले होते. बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेल्या मिठातले सोडियम आणि इंधनातल्या गंधकापासून होणारे आम्ल त्याला खाऊ लागले, तेव्हा पदार्थच बदलावा लागला. ज्वलनातली वाफ सिलिकॉन नायट्राइडवरचा सिलिकाचा संरक्षक थर उडवून नेते, हे तर बरेच उशिरा ठसले. त्यावर वेगळे लेप शोधावे लागले.

सिरॅमिक टर्बाइनची मोटार विक्रीला आली नाही. टर्बोचार्जरचा (साध्या इंजिनाच्या धुराच्या जोरावर त्यात जास्त हवा कोंबणाऱ्या यंत्राचा) सिलिकॉन नायट्राइड रोटर मात्र निसानने १९८५ मध्ये बाजारात आणला: तिथे तापमान कमी, आणि धातूच्या निम्म्याहून कमी घनतेमुळे रोटर चटकन वेग घेतो.