हिरवे छत

इमारतीच्या स्लॅबवर जलरोधक थर, मुळे अडवणारा थर, पाण्याच्या निचऱ्याचा थर आणि गाळणीचे कापड घालून वर माती पसरून केलेली कायमची लागवड. गच्चीत कुंड्या मांडणे म्हणजे हिरवे छत नव्हे. सहा ते पंधरा सेंटिमीटर मातीत गवत व लहान रोपे येतात, झुडपांना त्याहून खोल माती लागते. आजची पद्धत जर्मनीत विकसित झाली. टोरांटो शहराने २००९ मध्ये मोठ्या नव्या इमारतींना ती सक्तीची केली.

सातारकरांना ही कल्पना परकी वाटू नये. जिल्ह्याच्या दुष्काळी पूर्वभागातल्या धाब्याच्या घरांवर मातीचाच जाड थर असे, म्हणून घर उन्हाळ्यात गार राही. पावसाळ्यात त्यावर उगवलेले गवत मात्र मुळे खोल जाण्याआधी उपटत.

उघडा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती धग खोलीत सोडतो. माती व पानांची सावली ही धग अडवते. हा लाभ मुख्यतः सर्वांत वरच्या मजल्याला मिळतो. वळवाची सर कोरडी माती बरीचशी पिऊन टाकते आणि गटारावरचा ताण हलका होतो. आषाढातल्या झडीत मात्र माती आधीच तुडुंब असते, त्यामुळे बहुतेक पाणी खाली उतरतेच. कृष्णेचा पूर अशा छतांनी ओसरेल, ही अपेक्षा चुकीची आहे.

खरा धोका वजनाचा. दहा फूट बाय दहा फूट जागेत चार इंच साधी माती भिजली, की भार दीड टनाच्या वर, म्हणजे चौरस मीटरला सुमारे १८० किलो होतो. आयएस ८७५ या भारतीय मानकात वापरातल्या गच्चीसाठी धरलेला वापरभार, म्हणजे माणसे व सामान यांचा भार, चौरस मीटरला सुमारे १५० किलो आहे. त्यामुळे जुन्या इमारतीवर अभियंत्याकडून तपासणी करून घेतल्याशिवाय माती चढवूच नये. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, मिसळून भार कमी करता येतो. दुसरी डोकेदुखी गळतीची. पाणी कोब्याखालून सरकत भलत्याच खोलीत उतरते आणि मूळ जागा शोधायला सगळी माती उपसावी लागते. पक्ष्यांच्या विष्ठेतून रुजलेला पिंपळ बोटभर असतानाच उपटावा लागतो. निचऱ्याच्या जाळीत पाचोळा अडकला, तर साचलेल्या पाण्यात डास होतात.

एप्रिल-मेमध्ये नळाचे पाणी घालून छत हिरवे ठेवणे इथे परवडणारे नाही. साताऱ्याजवळच्या कास पठारावर जांभ्याच्या कातळावर जेमतेम माती आहे. ते पावसाळ्याच्या अखेरीस फुलते आणि उन्हाळ्यात करडे पडते. छतालाही तसेच सुकू द्यावे. पानांतून होणारे बाष्पीभवन थांबल्याने गारवा कमी होतो, पण वाळलेले गवत आणि खालची कोरडी माती तेव्हाही स्लॅबवर ऊन थेट पडू देत नाहीत.