बाकी सगळ्यांचं झालं, एवढ्यांचंच अडलंय: दिवाळीच्या भेटीबद्दल थोडं

दसरा उलटला की दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या हातात यादी असते. लहान पोरांची नावं पटापट खोडली जातात, बहिणीचं साडीवर भागतं. शेवटी दोन-तीन नावं उरतात. सुरतेला स्थायिक झालेले मोठे काका, ज्यांच्या घरी कशाचीच वाण नाही. ‘माले काहीच नको’ म्हणणारे सासरे. पुण्याला नोकरी करणारी भाची, जिला आपली निवड एकदाही पसंत पडलेली नाही. आणि यंदाच लग्न झालेले जावई, ज्यांना काय आवडतं हे विचारायचं कुणाला, हाच प्रश्न. हे पत्रक त्या उरलेल्या नावांसाठी.

आम्ही अमळनेरात खान्देशी वाळवण, मसाले आणि पिठं विकतो. त्यामुळे आमचा ओढा खाण्याच्या भेटीकडे असणार, हे तुम्हीही ओळखलं असेल. पण जिथे आमच्या डब्यापेक्षा दुसरं काही बरं वाटतं, तिथे आम्ही तसंच लिहिलं आहे.

ज्यांच्या घरी सगळं आहे

अशा घरी वस्तू नेऊ नये. भिंतीवरचं घड्याळ, काचेचा सेट, शोपीस हे सगळं आठवडाभर टेबलावर राहतं आणि मग माळ्यावर जातं, किंवा पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या घरी. आहेराच्या साड्या आपल्याकडे किती घरं हिंडतात ते काय सांगायचं! घडी उलगडावी तर आत आधीच्या आहेराची चिठ्ठी तशीच, ‘चि. सौ. कां.’ सकट.

त्यांना संपणारी भेट द्या, आणि तीही त्यांच्या गावात सहज न मिळणारी. काजूकतली सुरतेला आपल्यापेक्षा चांगली मिळते. बिबडे, म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, मिळत नाहीत. मिळाले तरी घरच्यासारखे नसतात, कारण त्यात वेळ जातो आणि वेळ कुणाला परवडत नाही. ज्वारी तीन दिवस पाण्यात भिजत घालायची, पाणी बदलत राहायचं, मग उपसून भरडायची. मोठ्या पातेल्यात आधण ठेवून त्यात लसूण, मिरची, जिरं, तीळ, मीठ घालायचं आणि भरडा वैरून घाटा शिजवायचा. तो हाटता हाटता दंड भरून येतात. मग ओल्या धोतरावर गरम गरम गोळा ठेवून, हात पाण्यात बुडवत थापायचं. गार झाला की बिबडा फाटतो, म्हणून एकटीचं हे काम नाही, तीन-चार जणी लागतात. सगळं पहाटे उरकावं लागतं, कारण ऊन चढायच्या आत कापड खाटेवर पसरलेलं हवं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या काकूंना हे सगळं करता येत असतं, पण गच्ची सोसायटीची आणि शेजारीण गुजराती. म्हणून डबा उघडल्यावर त्या आधी वास घेतात, मोजून बघत नाहीत.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. बिबडे, कुरडया, पापड हा चैत्र-वैशाखातला माल आहे. दिवाळीत कुणी ‘कालच केलेले’ म्हणून विकत असेल तर विचार करा, त्या दिवसांत ऊन तेवढं तापत नाही आणि वाळवण नीट कडक होत नाही. आमचाही माल उन्हाळ्यातलाच असतो. तो संपला की संपला. काळ्या मसाल्याचंही तेच: उन्हाळ्यात कांडलेला, बरणीत दाबून ठेवलेला. त्यात सुकं खोबरं असल्यामुळे तो फार दिवस उघडा राहिला तर खवट होतो. भेट देताना ‘फ्रिजमध्ये ठेवा’ एवढं तोंडी सांगाच.

डब्यात बिबडे उभे रचायचे नाहीत. आडवे, दर चार-पाच बिबड्यांमागे एक कागद, आणि वर मोकळी जागा राहिली तर तीही कागदाने भरायची. कुरडई मात्र सगळ्यात वर, स्वतंत्र डबीत. खाली गेली की घरी पोचेपर्यंत तिचा चुरा झालेला असतो. चुऱ्याची भाजी फार सुरेख होते ही गोष्ट वेगळी, पण भेट म्हणून चुरा देता येत नाही.

‘काही नको’ म्हणणारे

त्यांना विचारू नका, त्यांच्या सुनेला विचारा. दात कसे आहेत, साखर किती, बीपीची गोळी चालू आहे का, हे तिला ठाऊक असतं. पापडात मीठ आणि पापडखार दोन्ही असतात, बिबड्यातही मीठ कमी नसतं. ज्यांना डॉक्टरांनी मीठ तोडायला सांगितलं आहे त्यांना आमचा वाळवणाचा डबा देऊ नका. ‘शुगर फ्री’ मिठाईवरही फार विसंबू नका. साखर नसली तरी खवा आणि मैदा जिथल्या तिथे असू शकतो.

अशा घरी कळण्याचं पीठ चांगलं. ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळलेले, त्यात थोडं मीठ. ऊन भाकरी दुधात किंवा वरणात कुस्करली की दात नसलेल्यालाही चालते, आणि शहरातल्या मुलाकडे राहायला गेलेल्या म्हाताऱ्यांना तिचीच आठवण येत असते. एक किलोच्या वर देऊ नका. पीठ महिना-दीड महिन्यात संपलेलं बरं, आणि थोडं असलं की ‘कशाला आणलं एवढं’ हे ऐकावं लागत नाही.

खाणं नकोच असेल तर जुन्या लुगड्यांची गोधडी शिवून द्या. हे काम आम्ही करत नाही, पण गावोगावी करणाऱ्या बाया अजून आहेत. आजी गेल्यावर तिची लुगडी पेटीत पडून राहतात. आजोबा गोधडीला नाही म्हणत नाहीत. दिवाळीनंतर थंडी पडते, त्यामुळे लगेच अंगावरही येते. फक्त शिवायला वेळ लागतो, नवरात्रातच सांगून ठेवा.

जावई आणि मानपान

अधिक महिन्यातल्या वाणाला तेहतीसचा नेम असतो, दिवाळसणाला तसा आकडा नाही. पण दोन जावई असतील तर दोन्ही डबे तंतोतंत सारखे हवेत. एकाच्या डब्यात शेवेचं पाकीट जास्त गेलं तर ते पुढच्या आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, ऐकावं लागतं. आम्ही अशा जोडडब्यांचं वजन तुमच्यासमोर करून देतो, तेवढं आठवणीने मागा.

सोन्याबद्दल आम्हाला विचारणारे बरेच असतात, सोन्यासाठी नावाजलेलं जळगाव जवळ असल्यामुळे असेल. आम्ही सोनं विकत नाही, पण एवढं माहीत असावं: १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, असावाच लागतो, आणि तो ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर टाकून तपासता येतो. दोन ग्रॅमपेक्षा हलक्या वस्तूंना ही सक्ती नाही, त्यामुळे छोट्या अंगठीच्या वेळी दुकानदार कोण आहे ते बघा. आणि बिल भेटीबरोबरच द्या. किंमत दिसते म्हणून लोक ते काढून घेतात, मग पुढे मोडताना किंवा बदलताना मुलीची पंचाईत होते.

(अमळनेरात १९४५ साली निघालेल्या तेल-तुपाच्या कारखान्याचे शेअर ज्यांच्या आजोबांनी घेऊन ठेवले, आणि ज्यांनी ते पुढे विप्रो झाल्यावरही विकले नाहीत, त्यांना भेटीबद्दल आम्ही काय सांगावं!)

तरुण मंडळी

कॉलेजातल्या भाच्याला पैशांचं पाकीट द्या. त्यात कमीपणा काही नाही. त्याला हवी ती वस्तू आपल्याला कळत नाही आणि कळली तरी रंग चुकतो. हॉस्टेलवर राहत असेल तर पाकिटाबरोबर केळीचे वेफर, शेव आणि थोडे बिबडे द्या. बिबडा तळायलाच हवा असं नाही, कच्चाच शेंगदाण्यांबरोबर खाल्ला तरी चांगला लागतो. गॅस लागत नाही, वॉर्डनची परवानगीही लागत नाही.

परदेशी निघालेल्यांसाठी वेगळी काळजी. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानाच्या सामानात चालत नाहीत, तेलकट असल्यामुळे त्या पेट घेणाऱ्या मालात मोडतात. मसाला आणि लोणचं हातातल्या बॅगेत न ठेवता मोठ्या बॅगेत टाका. ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला जाणाऱ्याने खाण्याची प्रत्येक वस्तू तिथल्या प्रवेशाच्या फॉर्ममध्ये लिहायची असते, लपवली तर दंड होतो. पाकिटावर छापील नाव आणि घटक असले की तिथे उत्तर देणं सोपं जातं, म्हणून अशा गिऱ्हाइकांना आम्ही सुटा माल बांधून देत नाही.

पाकीट आमचं असो की दुसऱ्या कुणाचं, त्यावर चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक (अन्नसुरक्षेचा परवाना किंवा नोंदणी), वजन, तयार केल्याची आणि ‘पर्यंत वापरावे’ ही तारीख बघून घ्या. ‘घरगुती’ लिहिलं म्हणजे हे सगळं माफ होत नाही.

आणखी एक, जवळच्यांसाठी. जळगावचं भरीत वांगं आणि जळगावचं केळं, दोघांनाही २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण वांगं पार्सलने पाठवायची वस्तू नाही. नाशिक-धुळ्याला स्वतः गाडीने जाणार असाल तर मोठी, हिरवी, हाताला हलकी लागणारी वांगी घ्या. जड वांग्यात बी जास्त निघतं. सोबत वांगी भाजायला कपाशीच्या काड्यांची जुडी बांधून न्या. गॅसवर भाजलेलं भरीत खाणाऱ्या घरात या जुडीचं कौतुक वांग्यापेक्षा जास्त होतं, असं गिऱ्हाइकंच सांगतात.

ऑर्डर देताना

बाहेरगावी पाठवायचे डबे वसुबारसेच्या आठ दिवस आधी सांगा, त्यानंतर पार्सल वेळेवर पोचेल असं आम्ही म्हणणार नाही. दुकानातून स्वतः नेणार असाल तर धनत्रयोदशीपर्यंत चालेल. वाटेत फुटलेल्या मालाचा फोटो दोन दिवसांत पाठवला तर बदलून देतो. तिखटाचे तीन प्रकार आहेत: बाहेरच्यांसाठी, घरच्यांसाठी आणि शेवभाजीसाठी. भेट ज्यांना जाणार आहे ते कुठले ते सांगा, म्हणजे कोणता घालायचा ते आम्ही बघतो.