पंडिता रमाबाईंची लीनता: वाँटेज ते केडगाव

"मी मनाचा सौम्य व लीन आहे," असं येशू मत्तयाच्या शुभवर्तमानात म्हणतो. मराठी ख्रिस्ती घरांत हे वचन पोरासोरांनाही पाठ असतं. पण लीन म्हणजे मान खाली घालून ऐकणारा का? या प्रश्नाने एका मराठी बाईला इंग्लंडमध्ये फार छळलं, आणि त्याचं उत्तर तिने पुढे केडगावच्या माळावर दिलं.

रमाबाई डोंगरे यांचा जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री यांनी बायकोला संस्कृत शिकवलं आणि लोकांचा रोष ओढवून घेतला. आईने मग लेकीला शिकवलं. भागवताचे हजारो श्लोक रमाबाईंना मुखोद्गत होते. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. भाऊ श्रीनिवास आणि त्या पुराण सांगत पायी देशभर फिरल्या. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांची परीक्षा घेऊन 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. तेव्हा त्या विशीच्या होत्या.

इथे एक आठवण द्यावीशी वाटते. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं येतात, त्यातलं पहिलंच अमानित्व, म्हणजे मानाची हाव नसणं. ज्ञानेश्वरांनी त्यावर किती रसाळ ओव्या लिहिल्या आहेत! शहाणपण आणि लीनता यांचं नातं रमाबाईंना बायबलातून नव्याने कळलं असं नव्हे. त्या हे घेऊनच इंग्लंडला गेल्या.

१८८३ साली इंग्लंडमधल्या वाँटेज या गावी, जोगिणींच्या मठात राहत असताना, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याच मठातल्या सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना पत्रांत 'आजीबाई' म्हणत. जिव्हाळा खरा होता, तसाच वादही. इंग्लंडमधल्याच चेल्टनहॅम शहरात रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावं, या विचाराला हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. ज्या बाईने भारतभर पुरुषांच्या सभांत व्याख्यानं दिली, तिला हे कसं पटावं? त्रैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीवरही त्या प्रश्न विचारत राहिल्या. वाँटेजच्या मठवासीयांना यात गर्व दिसला. १८८५च्या पत्रात रमाबाईंनी स्पष्ट कळवलं की भारतातल्या पुरोहितांचं जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलं आहे, आता तसलंच दुसरं घेणार नाही.

मला त्या पत्रात उद्धटपणा दिसत नाही. बिशपाला होकार देणं आणि देवापुढे वाकणं या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या ठेवल्या, आणि तेव्हाच्या चर्चला त्या वेगळ्या करता येत नव्हत्या. स्वतःला मात्र त्यांनी सूट दिली नाही. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी कबूल केलं की बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षं ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो १८९१च्या सुमारास भेटला. एवढा अभ्यास केलेल्या बाईने, अभ्यास पुरला नाही, असं सगळ्यांसमोर लिहावं, हे सोपं नाही.

१८८९ साली मुंबईत त्यांचं शारदा सदन, म्हणजे विधवा मुलींसाठी शाळा आणि वसतिगृह, निघालं, ते पुढच्या वर्षी पुण्याला हललं. १८९६-९७च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी पुण्याजवळच्या केडगावला मुक्ती सदन हा आश्रम वाढला. तिथे विणकाम, शेती, छपाई शिकवली जाई.

या मुलींना बायबल वाचून दाखवताना अडचण कळली. प्रचलित मराठी भाषांतरात पंडिती शब्द फार. शेतातून, रस्त्यावरून आलेल्या मुलीला ते कुठून उमगणार? संस्कृतच्या पंडितेने तेव्हा पुन्हा विद्यार्थी व्हायचं ठरवलं. हिब्रू आणि ग्रीक शिकून, मूळ भाषांवरून, साध्या मराठीत अख्खं बायबल उतरवायचं काम त्यांनी हाती घेतलं. आयुष्यभर कमावलेले भारदस्त शब्द एकेक करून बाजूला ठेवले. अडाणी मुलीच्या कानाला कळेल तोच शब्द कागदावर आला. हे काम अनेक वर्षं चाललं.

१९२१ साली एकुलती एक लेक मनोरमा वारली. संस्था जिच्या हाती सोपवायची तीच गेली, पण भाषांतर थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला, त्याआधी ते पुरं झालं होतं. पुस्तक छापून निघालं ते मुक्तीच्याच छापखान्यात, आणि त्याचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवले ते तिथल्याच बायकांनी.