वायरलेस इंटरकॉमचे अंदाजपत्रक कसे मांडावे : गृहनिर्माण संस्थांच्या पदाधिकाऱ्यांसाठी माहितीपत्रक

सन्माननीय अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि सभासद,

पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरातील गृहनिर्माण संस्थांमध्ये इंटरकॉम बसवण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम आमची छोटी फर्म करते. चौकशीसाठी येणाऱ्या बहुतेक समित्यांचा पहिला प्रश्न ‘एका फ्लॅटमागे किती पडेल?’ असा असतो. या प्रश्नाला तोंडी दिलेले उत्तर सहसा अपुरे निघते, कारण त्यात हँडसेटची किंमत धरलेली असते आणि पुढची सात-आठ वर्षे यंत्रणा चालती ठेवण्याचा खर्च धरलेला नसतो. सर्वसाधारण सभेपुढे जाण्याआधी हा सगळा हिशेब समितीला स्वतः मांडता यावा, म्हणून हे माहितीपत्रक काढले आहे.

आधी जुन्या तारा तपासून घ्याव्यात

बिल्डरने इमारत बांधतानाच इंटरकॉमच्या तारा टाकलेल्या असतील, तर वायरलेसचा विचार करण्यापूर्वी त्या तपासून घ्याव्यात. बंद पडलेल्या इंटरकॉमच्या तारा पुष्कळदा शाबूत असतात आणि वॉचमनच्या केबिनमधला एक्स्चेंज, म्हणजे सर्व घरांचे फोन एकमेकांना जोडणारे यंत्र, किंवा त्याचा वीजपुरवठा तेवढा जळालेला असतो. अशा ठिकाणी एक्स्चेंज बदलून काम भागते आणि खर्चही बराच कमी येतो. असा सल्ला दिल्याने आमच्या हातचे मोठे काम जाते, हे खरे आहे, पण चांगल्या तारा टाकून देण्यात संस्थेचे हित नाही, असे आमचे मत आहे. याउलट डक्टमधल्या तारा उंदरांनी कुरतडल्या असतील, पाइप सिमेंटने बुजले असतील, किंवा तारा मुळात टाकलेल्याच नसतील आणि त्यासाठी घराघरांतल्या रंगवलेल्या भिंती फोडाव्या लागणार असतील, तर वायरलेस यंत्रणाच परवडते.

वायरलेस या एका नावाखाली काय काय येते

बाजारात या नावाने मुख्यतः दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात आणि त्यांच्या खर्चाची घडणही वेगळी असते. पहिल्या प्रकारात फाटकावरच्या यंत्रात सिमकार्ड असते. सुरक्षारक्षकाने सदनिकेचा क्रमांक दाबला की नोंदवलेल्या मोबाइलवर फोन जातो. घरात काहीच बसवायचे नसल्याने सुरुवातीचा खर्च सर्वांत कमी असतो, मात्र सिमचा रिचार्ज कायमचा मागे लागतो. मोबाइल ॲपवर चालणाऱ्या सेवाही हिशेबाच्या दृष्टीने याच गटात येतात, कारण तिथे रिचार्जऐवजी दर सदनिकेमागे वर्गणी द्यावी लागते. असे यंत्र घेताना ते ४जी जाळ्यावर आवाजी फोन लावू शकते का, हे विचारावे. स्वस्त मिळणारी काही यंत्रे केवळ २जीवर चालतात आणि जिओच्या जाळ्यावर २जी सेवाच नाही, त्यामुळे तिथे ते सिम घालून उपयोग होत नाही.

या प्रकाराची खरी अडचण आम्हाला वेगळीच दिसते. फाटकावर गॅसचे सिलिंडर येते तेव्हा घरात आजी असतात आणि फोन मात्र हिंजवडीत मीटिंगला बसलेल्या मुलाच्या खिशात वाजतो. ज्या इमारतीत ज्येष्ठ नागरिक बरेच आहेत, तिथे घरातच वाजणारा हँडसेट असावा, असे आम्ही सुचवतो.

दुसरा प्रकार या हँडसेटचा आहे. प्रत्येक सदनिकेत एक संच, केबिनमध्ये मुख्य संच आणि मधल्या मजल्यांवर सिग्नल पुढे नेणारी उपकरणे, म्हणजे रिपीटर, अशी त्याची रचना असते. पुढचा सगळा हिशेब याच प्रकाराचा आहे.

खर्च काँक्रीट ठरवते

दोन इमारतींतील सदनिकांची संख्या सारखी असली, तरी त्यांचा खर्च सारखा येईलच असे नाही. जुन्या पद्धतीच्या इमारतीत खांब आणि तुळया काँक्रीटच्या व मधल्या भिंती विटांच्या असतात, त्यामुळे सिग्नल बऱ्यापैकी पार होतो. अलीकडच्या अनेक उंच इमारती ॲल्युमिनियमच्या साच्यांत, म्हणजे मिवान पद्धतीने ओतलेल्या असतात. त्यांच्या बहुतेक भिंती सळ्यांसह सलग काँक्रीटच्या असतात आणि दोन-तीन भिंतींतच सिग्नल गळतो. अशा इमारतीत रिपीटर जास्त लागतात, आणि प्रत्येक रिपीटरला विजेची जोडणी लागत असल्याने त्याच्याबरोबर वायरमनची मजुरीही वाढते. सुरुवातीच्या एका कामात आम्ही मिवान इमारतीला नेहमीच्या अंदाजाने रिपीटर धरले आणि कोपऱ्यातल्या सदनिकांत आवाज तुटू लागल्यावर जादा रिपीटर पदरमोड करून बसवले. तेव्हापासून प्रत्यक्ष चाचणी केल्याशिवाय आम्ही दरपत्रक देत नाही, आणि चाचणी न करता दिलेले कोणाचेही दरपत्रक समितीने ग्राह्य धरू नये.

ही चाचणी शक्यतो संध्याकाळी, घरांचे दरवाजे बंद असताना करून घ्यावी. यंत्रणा २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चालणारी असेल, तर घरोघरच्या वायफायचीही त्याच पट्ट्यात गर्दी असते. त्यात एकमेकांवर न चढणारे वायफायचे चॅनेल तीनच निवडता येतात. सकाळी अकरा वाजता रिकाम्या इमारतीत स्वच्छ ऐकू येणारा आवाज रात्री नऊला तसाच राहील, याची खात्री देता येत नाही. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गर्दी कमी असते, पण भिंतींपुढे तो अधिक लवकर हार मानतो.

एक नमुना हिशेब

पद्धत समजावी म्हणून दोन विंग, पार्किंगवर सात मजले आणि दर मजल्यावर चार अशा ५६ सदनिकांची इमारत धरू. खालचे दर केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. आपल्या हातातल्या दरपत्रकातील आकडे त्यांच्या जागी घालावेत.

हँडसेट ५६ नव्हे, तर ५९ धरावेत. तीन संच कपाटात शिल्लक ठेवले की एखादा बिघडल्यावर दुरुस्ती होईपर्यंत सभासदाची गैरसोय होत नाही, आणि चार वर्षांनी तेच मॉडेल बाजारात मिळेल का, ही चिंताही उरत नाही. एका संचाला ३,२०० रुपये धरल्यास १,८८,८०० रुपये होतात. केबिनमधल्या मुख्य संचाचे १४,००० रुपये, दोन्ही विंगच्या दारांवरील पॅनेलचे प्रत्येकी ९,००० प्रमाणे १८,००० रुपये आणि सहा रिपीटरचे प्रत्येकी ४,५०० प्रमाणे २७,००० रुपये धरू. रिपीटरपर्यंतची वीजजोडणी, पाइप, अर्थिंग आणि यूपीएस यांसाठी ३२,००० रुपये धरावेत. नाव वायरलेस असले, तरी ही वायर लागतेच आणि बहुतेक दरपत्रकांत नेमकी हीच रक्कम ‘ग्राहकाने करावयाची कामे’ या शीर्षकाखाली दडलेली असते. बसवण्याची मजुरी दर सदनिकेमागे ३५० रुपये धरल्यास १९,६०० रुपये होते. एकूण २,९९,४०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ५३,८९२ रुपये मिळून ३,५३,२९२ रुपये होतात. ज्या संस्थेची जीएसटी नोंदणी नाही, तिला या कराची वजावट मिळत नाही, म्हणून सभेपुढे कर धरूनच आकडा मांडावा. दर सदनिकेचा वाटा सुमारे ६,३०९ रुपये येतो.

आता चालू खर्च पाहू. पहिल्या वर्षी हमी असते. दुसऱ्या वर्षापासून देखभाल करार करसहित २३,६०० रुपयांचा धरला, जोडणीला इंटरनेट लागत असल्यास त्याचे वर्षाला ८,४०० रुपये धरले, आणि हँडसेटच्या बॅटऱ्या दर तीन वर्षांनी प्रत्येकी २५० रुपयांना बदलायच्या म्हणून वर्षाला ४,९१७ रुपये बाजूला ठेवले, तर वर्षाचा खर्च ३६,९१७ रुपये होतो. म्हणजे दर सदनिकेला दरमहा सुमारे ५५ रुपये पडतात. यंत्रणा आठ वर्षे टिकेल असे मानून तिची मूळ किंमत ९६ महिन्यांत वाटली, तर दरमहा आणखी ६६ रुपये होतात. वेगवेगळ्या दरपत्रकांची तुलना या दोन्हींच्या बेरजेवर, म्हणजे आपल्या उदाहरणात १२१ रुपयांवर करावी. हँडसेट हजार रुपयांनी स्वस्त देणारा पुरवठादार देखभालीत आणि सुट्या भागांत ते पैसे कसे परत मिळवतो, हे अशा मांडणीत लगेच दिसते. सिमच्या किंवा ॲपच्या प्रकाराशी तुलना करतानाही हाच आकडा वापरावा.

पैसे कोठून आणि कसे उभे करावेत

सिंकिंग फंडाला या कामासाठी हात लावू नये. तो इमारतीच्या पुनर्बांधणीसारख्या मोठ्या कामांसाठी असतो आणि त्याच्या वापरावर उपविधींची बंधने आहेत. समितीला स्वतःच्या अधिकारात किती खर्च करता येतो, याची मर्यादाही आपल्या संस्थेच्या उपविधींत पाहून घ्यावी. त्यापुढील रकमेसाठी सर्वसाधारण सभेची मंजुरी आणि निविदा आवश्यक असतात. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपूर्वी होत असल्याने चाचणी आणि दरपत्रके जुलै-ऑगस्टमध्ये पूर्ण केली, तर विषय वेळेवर सभेपुढे येतो. शिवाय पावसाळ्यात उघड्यावरच्या पॅनेलची परीक्षाही आपोआप होते.

वर्गणी क्षेत्रफळावर घ्यावी की सदनिकेवर, हा वाद जवळपास प्रत्येक सभेत होतो. एक खोली असो वा चार, संच एकच बसतो, म्हणून सर्वांकडून सारखी रक्कम घेणे आम्हाला योग्य वाटते. बंद सदनिका वगळू नयेत, कारण नंतर एकेका घरासाठी माणूस पाठवणे महाग पडते. तळमजल्यावरच्या दुकानांना मात्र या सेवेचा उपयोग नसतो, तेव्हा त्यांच्याविषयीचा निर्णय ठरावातच स्पष्ट लिहावा.

करारात काय लिहून घ्यावे

उपकरणांना दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची मान्यता असल्याची प्रत मागावी. मुख्य संचाचा पासवर्ड पुरवठादाराकडेच न राहता संस्थेच्या सचिवांकडेही लेखी असावा, नाहीतर उद्या देखभालीसाठी दुसरा माणूस नेमता येत नाही. पॅनेलमध्ये कॅमेरा असल्यास चित्रे कोठे आणि किती दिवस साठवली जातात, हे लिहून घ्यावे, कारण डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ आल्यापासून ही केवळ तांत्रिक बाब राहिलेली नाही. आग लागल्यास वापरायच्या संदेशयंत्रणेची जागा हा इंटरकॉम घेऊ शकत नाही, त्यामुळे अग्निशमनाच्या तरतुदीतील एक रुपयाही इकडे वळवू नये.

पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत. आम्ही ४० टक्के आगाऊ, ५० टक्के सर्व सदनिकांतील चाचणीनंतर आणि उरलेले १० टक्के नव्वद दिवसांनी घेतो. शेवटचा हप्ता संस्थेच्या हातात राहिला की तक्रारीला आम्हीही लवकर धावतो. बिल देताना टीडीएस किती कापायचा, हे संस्थेच्या लेखापालांना विचारावे.

चाचणीला येण्यापूर्वी आम्हाला इमारतीचा मजलेनिहाय नकाशा, विंगनिहाय सदनिकांची संख्या, बांधकामाची पद्धत आणि जुन्या इंटरकॉमचा एखादा फोटो मिळाला, तर एका संध्याकाळीच काम आटोपते. प्रत्येक विंगमधील सर्वांत वरच्या मजल्यावरचे आणि फाटकापासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यातले, अशी दोन घरे त्या वेळी उघडी राहतील एवढी व्यवस्था सचिवांनी करावी.